वापरलेल्या पॅलेडियम-कार्बनमधून पॅलेडियम स्वतः काढणं परवडेल का?

औषध कंपनीतून दोन ड्रम वापरलेला कॅटॅलिस्ट (रासायनिक क्रिया घडवणारी, पॅलेडियम हा मौल्यवान धातू बसवलेली कोळशाची पूड) मिळतोय, तो स्वतः शुद्ध करून विकावा का, असं तुम्ही विचारलंय. मी तारापूरला काही वर्षं हेच काम केलं. पॅलेडियम निघतं, त्यात अवघड काही नाही. माणूस बुडतो तो ओलाव्याच्या हिशेबात.

नव्या मालावर १० टक्के पॅलेडियम लिहिलेलं असेल, तर ते कोरड्या वजनावर. माल बहुधा निम्मा पाण्याने भिजलेला येतो, म्हणजे किलोमागे पॅलेडियम ५० ग्रॅमच. वापरून झाल्यावर त्यात सॉल्व्हंट, फिल्टर एड (गाळताना वापरतात ती पूड) आणि औषधाचा गाळही मिसळतो. माझ्या पहिल्याच लॉटला मी नमुना वरून घेतला. वरचा थर सुकलेला, त्यामुळे टक्केवारी फुगली, आणि पैसे मोजले सगळ्या ड्रमचे. तेव्हा नमुना तळापासून वरपर्यंत घ्या.

आता प्रक्रिया. आधी भट्टीत कार्बन जाळायचा, पण अगदी सावकाश. हा माल सुकला की हवेतच पेट घेऊ शकतो. भट्टीत जाईपर्यंत तो ओलाच ठेवायचा. राखेत थोडं पॅलेडियम ऑक्साइड होतं आणि ते आम्लात धड विरघळत नाही, म्हणून फॉर्मिक आम्लाने आधी रिड्यूस करतात, म्हणजे त्याचा परत धातू करतात. मग ॲक्वा रेजियात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात) विरघळवणं, मग उकळून नायट्रिक उडवणं. जास्तीचा अमोनिया घातला की मिसळलेलं लोखंड खाली बसतं, पॅलेडियम द्रावणात राहतं. गाळून हायड्रोक्लोरिक आम्ल सोडलं की पांढरा धूर उठतो आणि पिवळी भुकटी खाली बसते. तिचं निम्मं वजन पॅलेडियमचं. ती रिड्यूस केली की पॅलेडियमची काळी पूड हातात येते. गाळलेल्या पाण्यात पॅलेडियम उरलंय का, हे मात्र स्टॅनस क्लोराइडने तपासल्याशिवाय ते ओतू नका. सराफाच्या दुकानातली धूळ धुऊन सोनं काढणारे झारेकरी राखही फेकत नसत, ते उगाच नाही.

घरी करणार असाल तर सरळ नाही म्हणतो. ॲक्वा रेजियाचा तपकिरी वायू फुप्फुसांत काही तासांनी पाणी भरतो, तोवर माणूस ठणठणीत वाटतो. शिवाय २०१६च्या नियमांनुसार हा घातक कचरा आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीशिवाय कंपनी तो तुम्हाला देऊच शकत नाही. देत असेल, तर ड्रममध्ये नेमकं काय आहे ते आधी विचारा.