दिवेलागणीची वेळ

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा वाचलं. वाकडच्या नव्या फ्लॅटमध्ये सामान लागलं, पडदे लागले, पण दार उघडून आत आलं की देवळात आल्यासारखं शांत वाटावं, तसं काही वाटत नाही, असं लिहिलंस. सोबत संगमरवरी देव्हाऱ्याचा फोटो पाठवून घेऊ का, असंही विचारलंस. देव्हारा सुरेख आहे, पण एवढ्यात घेऊ नकोस.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मी सहा वर्षांची होते. आमचं बिऱ्हाड पुण्यात नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. पाणी चढायला लागलं तसं आईने आम्हा पोरांना धरलं, वडिलांनी कागदपत्रांची पेटी उचलली आणि आजीने देव पदरात बांधले. रांगता बाळकृष्ण, अन्नपूर्णा, दोन टाक. बाकी सगळं गेलं. पुढचे काही दिवस आम्ही एका शाळेच्या वर्गात काढले, आणखी चार-पाच कुटुंबांबरोबर. वीज नाही, खडकवासल्याचं धरणही फुटलेलं, त्यामुळे नळाला पाणी नाही. आजीने एक पत्र्याचा रिकामा डबा पालथा घातला, त्यावर वडिलांचा रुमाल अंथरला आणि देव मांडले. देवांना अंघोळ म्हणजे ओला हात फिरवायचा, एवढीच. तिन्हीसांजेला पणती.

त्या वर्गात दिवसभर पाण्यावरून, जागेवरून कुरबुरी चालायच्या. पण काडी ओढल्याचा आवाज आला की बायका बोलता बोलता थांबायच्या, शेजारची पोरं न बोलावता डब्यासमोर मांडी घालून बसायची आणि आम्ही सगळे मिळून परवचा म्हणायचो. एके दिवशी आजीजवळच्या काड्या सादळल्या. पलीकडच्या कुटुंबातले आजोबा स्वतः उठून काडेपेटी घेऊन आले. "वेळ झाली ना," एवढंच म्हणाले. त्यांची आणि आजीची सकाळीच बादलीवरून वाजली होती.

तुला जे हवंय ते मी त्या पालथ्या डब्यासमोर पाहिलंय, म्हणून सांगते. आधी वेळ ठरव, मग जागा, आणि देव्हारा सगळ्यात शेवटी.

हिंजवडीहून तू आठला घरी पोचतेस, म्हणजे दिवेलागण हुकलेलीच. हरकत नाही, तुझी दिवेलागण आठची. चपला काढायच्या, हातपाय धुवायचे, दिवा लावायचा, आणि मगच फोन हातात घ्यायचा. पाच मिनिटं पुरेत. रोज आठ म्हणजे आठ, कंटाळा आला तरी, रडू येत असलं तरी. पहिले पंधरा-वीस दिवस काही वाटणार नाही. लावत राहा.

जागा हातभर असली तरी चालेल. हॉलमधला एक फळकुटाचा तुकडा घे, पण तिथे दुसरं काही ठेवायचं नाही. किल्ल्या नाहीत, चार्जर नाही, विजेचं बिल तर नाहीच. ईशान्य कोपरा सापडला तर उत्तम. नाही सापडला तर होकायंत्र घेऊन डोकं शिणवू नकोस. आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात दोन रात्री मुक्कामाला असतात तेव्हा भवानी पेठेत, नाना पेठेत एक चक्कर मार. वारकरी बाई डोईवरचं तुळशीवृंदावन उतरवून भिंतीकडेला ठेवते, चार थेंब पाणी शिंपडते, हात जोडते. दिशा विचारत नाही.

वस्तू म्हणशील तर तुळशीबागेत जाऊन पितळेचं एकच निरांजन घे, हातात वजन लागेल असं. आणि ते स्वतः घासायचं, कामाच्या बाईंना द्यायचं नाही. चिंचेचा कोळ आणि चिमूटभर मीठ घेऊन अंगठ्याने चोळ. काळपट थर चिंचेच्या आंबटपणाने सुटतो आणि खालचं पिवळं पितळ वर येतं. मात्र लगेच धुऊन कोरडं पुसायचं, चिंच राहिली तर डाग पडतात. वातीच्या भोकाशी काजळी धरते, तिथे काडीला कापूस गुंडाळून फिरव. शनिवारी सकाळी या दहा मिनिटांत माझं मन जितकं लागतं तितकं जपाला बसूनही लागत नाही. उदबत्ती एकच लाव आणि खिडकी उघडी ठेव, बंद खोलीतला धूर छातीला बरा नव्हे. तुळस गॅलरीत जिथे चार-पाच तास ऊन येतं तिथे ठेव, मंजिऱ्या खुडत जा, कुंडीत पाणी तुंबू देऊ नकोस. थंडीत पानं गळली तर घाबरू नकोस.

आता जे सांगायला मला जड जातं ते. लग्नानंतर वीस वर्षं मी कडक सोवळ्यात पूजा केली. देव लखलखीत, रांगोळी रेखीव, फुलं मंडईतून रोज ताजी. आणि मुलगा शाळेतून धावत येऊन देवघराच्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा, की मी ओरडायचे. "शिवू नकोस!" तो हळूहळू यायचा थांबला. आज तो चाळिशीचा आहे, गुणी आहे, पण घरी आला की देवघराला वळसा घालून आत जातो. आजीने शाळेत परक्या पोरांना डब्यासमोर बसू दिलं होतं, ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. तरीही मी आपल्या पोराला दाराबाहेर ठेवलं.

म्हणून तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीचं लिहिते. ती देवाधर्माचं काही करत नाही, तिला अवघडल्यासारखं होईल का, असं तू विचारलंस. तिला आधी विचार, कोपरा दोघींच्या संमतीने ठरव. दिवा लागलेला असताना ती चहाचा कप घेऊन शेजारी बसली तर बसू दे. हात जोड म्हणू नकोस. आणि त्या कोपऱ्याजवळ उभं राहून फोनवर कुणाशी भांडू नकोस, आईशी तर मुळीच नाही. भांडायचंच असेल तर गॅलरीत जा.

रात्री दिवा तेवता ठेवून झोपायचं नाही, पडदे जवळ आहेत. फुंकरही मारायची नाही. एका फुलवातीला किती तूप किती वेळ पुरतं, ते एकदा घड्याळ लावून बघ आणि तेवढंच घालत जा. तू जेवायला बसेपर्यंत तो आपोआप शांत होईल.

मंगळवारी फोन करीन. साडेआठनंतर करीन.

तुझी,
मावशी