आईची कंबर आणि मुलाचं करिअर

प्रश्न: माझ्या पत्नीचं दोन महिन्यांपूर्वी कमरेचं ऑपरेशन झालं, एल-फोर एल-फाइव्हला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याला, स्क्रू बसवले. मुलगा रोज संध्याकाळी तिची कंबर दाबून देतो, तिला बरं वाटतं. त्याच्या हाताला गुण आहे, शेजारीही म्हणतात. बारावीला 71 टक्के आहेत, नीटमध्ये एमबीबीएसला पुरतील एवढे मार्क नाहीत. म्हणून त्याला फिजिओथेरपीला घालायचं मी ठरवलंय. पुढे सेंटर टाकून देईन. तो काही बोलत नाही. दिवसभर खटपटी करतो, परवा आईच्या पलंगाला पाइपचा दांडा बसवला, कमोडची सीट उंच केली. कॉलेज कोणतं घ्यावं?
– एक पालक, बार्शी

उत्तर: कॉलेजचं नंतर बघू. आधी आज संध्याकाळपासून कंबर दाबणं बंद करा. वहिनींना बरं वाटत असेल, तरी बंद. स्क्रू बसवले म्हणजे दोन मणके सांधायला घेतलेत आणि ते हाड जुळायला कित्येक महिने, कधी वर्षही लागतं. तिथे कुणाचा हात कधी आणि किती लागावा, हे सर्जन आणि फिजिओथेरपिस्ट ठरवतील. लघवीवरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला, पाऊल वर उचलेनासं झालं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

आता मुलाबद्दल. आईचं दुखणं कमी करायची जबाबदारी तुम्ही त्याच्यावर टाकलीत आणि त्यावरच त्याचं करिअरही ठरवून टाकलंत. उद्या तिची कंबर जास्त दुखली तर ‘माझ्यामुळेच झालं’ असं त्याला वाटेल, आणि तेही तो बोलणार नाही. कर्तव्य आणि आवड यांची गल्लत आपल्याकडे फार होते. मुलगा नाही म्हणाला नाही, एवढ्याला आपण होकार समजतो.

‘हाताला गुण’ या शब्दांनी तुम्हाला फसवलंय. फिजिओथेरपी म्हणजे पदवीवाली मालिश नव्हे. मणक्याच्या ऑपरेशननंतर फिजिओथेरपिस्टचे हात बराचसा वेळ तपासत असतात: पोटाचा आतला स्नायू आवळला जातोय का, पायाच्या कुठल्या भागात स्पर्श कळत नाही, अंगठा जोर लावतोय का. कुशीवर वळताना खांदा आणि कंबर एकदम वळावी म्हणून ते आधार देतात. जखम पूर्ण भरल्यावर व्रणाभोवतीची कातडी मोकळी करतात. बाकी सगळं काम पेशंटकडून करून घ्यायचं असतं: चालणं, रोज थोडं वाढवत नेणं आणि वाकायची जी भीती मनात बसते ती घालवणं. चांगल्या फिजिओकडचा पेशंट काही आठवड्यांनी स्वतःचे व्यायाम स्वतः करायला लागतो. वर्षानुवर्षं टेबलावर झोपवून दाबून घेणारे पेशंट ज्याच्याकडे आहेत, त्याचं सेंटर चालत असेल. पेशंट चालतोय का ते बघा.

बीपीटीएचची, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीची, वाट सरळ आहे: बायोलॉजीसह बारावी, नीट, मग राज्याच्या सीईटी सेलच्या प्रवेशफेऱ्या. इंटर्नशिप धरून साडेचार-पाच वर्षं जातात आणि सुरुवातीचा पगार बेताचा असतो. एमबीबीएस हुकलं म्हणून आलेली मुलं दुसऱ्या वर्षीच कंटाळलेली मी पाहिली आहेत.

तुमच्या मुलाचं मला वेगळंच दिसतंय. दांडा बसवणं, सीट उंच करणं, ही ऑक्युपेशनल थेरपी आहे. माणसाला त्याची रोजची कामं पुन्हा स्वतः करता यावीत म्हणून साधनं आणि घर बदलणं हा त्या विषयाचा मोठा भाग. बीओटीएच हा त्याचा पदवी अभ्यासक्रम मुंबईत केईएम, नायर, सायनला आहे, नागपूरच्या शासकीय महाविद्यालयातही आहे, प्रवेश नीटमधूनच. पट्टे, पायाला आधार देणारे कॅलिपर, कृत्रिम पाय बनवण्यात हात रमत असतील तर प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्सची पदवी आहे, ती मुंबईत हाजीअलीच्या अखिल भारतीय पुनर्वसन संस्थेत मिळते. एक दिवस काढून त्याला घेऊन जा, तिथलं काम त्याला बघू द्या. तुम्ही बाहेर चहा प्या.

यातलंही काही त्याला नको असेल, तर तेही ऐकून घ्या. पुढचं पत्र मात्र त्यानं लिहावं. तो दांडा पलंगाच्या कुठल्या बाजूला आणि किती उंचीवर बसवला, आणि तिथेच का, एवढं लिहिलं तरी चालेल.