लॉन काढून कोनफ्लॉवर (डेझीसारखं अमेरिकन रानफूल) लावताय?

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात तुमचं पहिलंच घर आणि दर आठवड्याला गवत कापून जीव मेटाकुटीला आलाय, हे मला पुरेपूर कळतं. पण सगळं लॉन एकदम उकरू नका. यंदा दहा बाय दहा फुटांचा तुकडाच घ्या. ऑगस्टमध्ये गवतावर साधा पुठ्ठा अंथरा (चिकटपट्टी काढून), वर चार इंच कंपोस्ट.

रोपांवर पैसे घालवू नका, बी धरा. जांभळ्या कोनफ्लॉवरचं बोंड ऑक्टोबरात काळपट, कडक होतं. हातमोजे घालून चोळा, काटे चांगलेच टोचतात. फिकट, चौधारी बी वेगळं होतं. नोव्हेंबरमध्ये पेरून वर माती जेमतेम भुरभुरा. थंडी खाल्लेलं बी नीट उगवतं. पेरणी हुकली तर ओलसर वाळूत मिसळून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवा. नर्सरीतल्या संकरित जातींचं बी मात्र धरू नका, आईसारखं फूल येत नाही.

पहिल्या वर्षी बहुतेक नुसती खरखरीत पानंच दिसतील. तण समजून उपटू नका, माझ्या हातून तसं झालं होतं आणि अजून हळहळ वाटते. फुलं दुसऱ्या उन्हाळ्यात. सुकलेली बोंडं हिवाळाभर राहू द्या, गोल्डफिंच हे छोटे पक्षी त्यांवर बसून बी टिपतात.