एका नोंदीचे दोन हिशेब
प्रश्न : लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) प्रोसेसच्या (चालू प्रोग्रॅमच्या) मेमरीची नोंद ठेवणाऱ्या ‘एमएम_स्ट्रक्ट’ या स्ट्रक्चरमध्ये संदर्भ (म्हणजे ते किती जण वापरत आहेत हे) मोजणारे दोन आकडे कशासाठी असतात?

उत्तर : ‘एमएम_यूजर्स’ हा आकडा ती मेमरी प्रत्यक्ष वापरणारे थ्रेड (प्रोसेसमधले कामाचे धागे) मोजतो, तर ‘एमएम_काउंट’ खुद्द त्या स्ट्रक्चरला धरून ठेवणारे मोजतो, पहिल्यातले सगळे मिळून दुसऱ्यात फक्त १ भरतात. (नावे फसवी आहेत, हे मान्यच.) समजा, ४ थ्रेडची प्रोसेस संपत असताना एका कर्नल थ्रेडने (कर्नलच्या स्वतःच्या कामाच्या धाग्याने) तिचे स्ट्रक्चर तात्पुरते उसने घेतले आहे. यूजर्स ० झाला की मॅपिंग (प्रोसेसचे पत्ते आणि मेमरी यांच्या जोडण्या) मोडली जातात, काउंट २ वरून (यूजर्सचा मिळून १ आणि कर्नल थ्रेडचा १) १ वर येतो आणि कर्नल थ्रेडने ते परत करेपर्यंत स्ट्रक्चर तेवढे शिल्लक राहते. एकच आकडा असता, तर या उसनवारीपायी प्रोसेसची सगळी मेमरी अडकून पडली असती.