एक लाखाला ३,५९० कमी

"ताई, माझे वय ३३ आहे. घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीला आई, पत्नी आणि दोन वर्षांच्या मुलीसह राहतो. नोकरी ऐरोलीला आहे. २०११ मध्ये मी आणि धाकट्या भावाने पैसे साठवून एक जुना एक्सबॉक्स ३६० घेतला आणि पहिलाच गेम, हेलो ३, एकाच टीव्हीवर बसून लेजेंडरी या सर्वांत अवघड पातळीवर दोघांनी मिळून संपवला. आज माझा गेमरस्कोर, म्हणजे गेममधून मिळालेल्या पॉइंटची बेरीज, ९६,४१० आहे. मुलगी झोपल्यावर रोज तासभर मिळतो, पण गेले वर्षभर त्या तासात मी आवडीचे काहीच खेळलेलो नाही. पॉइंट पटकन मिळतात म्हणून मुळीच न आवडणारे गेम पूर्ण करत बसतो, कारण एक लाख गाठायचे आहेत. परवा पत्नीने सहज विचारले, 'या पॉइंटचं पुढे काय होतं?' मला उत्तर देता आले नाही आणि रात्रभर झोप लागली नाही. चौदा वर्षे वाया गेली का? भाऊ खारघरला असतो. नौपाड्यातील वडिलांच्या घराच्या पुनर्विकासाच्या कागदांवरून वाद झाला आणि तेव्हापासून, म्हणजे दोन वर्षे, आम्ही बोललेलो नाही. त्याचा स्कोर मात्र मला दिसतो. तो ८८ हजारांवर आहे. त्याच्या आधी माझे एक लाख व्हावेत असे वाटते, हे लिहिताना लाज वाटते. या पॉइंटना खरोखर काही अर्थ असतो का?"
— उंबरठ्यावरचा, ठाणे

तुमच्या पत्नीचा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देते. या पॉइंटचे पुढे काहीही होत नाही. ते खर्च करता येत नाहीत, कोणाला देता येत नाहीत आणि ते मोडून काही विकतही घेता येत नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० बाजारात आणला, तेव्हा प्रत्येक गेममधील ठरावीक कामगिऱ्यांना, म्हणजे अचिव्हमेंटना, पॉइंट जोडले गेले आणि त्या साऱ्यांची बेरीज खेळाडूच्या नावापुढे दिसू लागली. डिस्कवर येणाऱ्या गेमला १,००० आणि डाउनलोड करायच्या छोट्या गेमला २०० असा सुरुवातीचा हिशेब होता. २००७ मध्ये संगणकावरील गेमच्या स्टीम या सेवेवर अचिव्हमेंट आल्या आणि २००८ मध्ये प्लेस्टेशन ३ वर ब्राँझपासून प्लॅटिनमपर्यंतच्या ट्रॉफी आल्या. या सर्वांत खेळाडूच्या हाती पडते ती फक्त नोंद.

त्या नोंदीची बेरीज माणसाचे कसब मोजते असेही म्हणता येत नाही. २००७ मध्ये 'अवतार' या कार्टून मालिकेवर बेतलेला 'द बर्निंग अर्थ' हा गेम आला. त्यात सुरुवातीलाच एका जागी उभे राहून सलग फटके मारत राहिले की काही मिनिटांत पूर्ण १,००० पॉइंट मिळत असत. तुम्ही आणि तुमच्या भावाने लेजेंडरीवर रात्रीमागून रात्री घालवून जे मिळवले, त्याच्या शेजारी हे १,००० जाऊन बसतात आणि बेरजेत दोन्हींचा रंग एकच दिसतो. वर्षभर तुम्ही ज्या गेमांच्या मागे आहात तेही याच जातीचे आहेत, आणि तुम्हाला ते ठाऊक आहे म्हणूनच एका साध्या प्रश्नाने तुमची झोप गेली, असे मला वाटते.

तरीही चौदा वर्षे वाया गेली, हे मला मान्य नाही.

अचिव्हमेंटची कल्पना एक्सबॉक्सहून जुनी आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ॲक्टिव्हिजन ही कंपनी खेळाडूंना कापडी बिल्ले पाठवत असे. १९८२ च्या 'पिटफॉल' या गेममध्ये २०,००० गुण झाले की खेळाडूने टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढायचा, तो टपालाने कंपनीला पाठवायचा आणि मग भरतकाम केलेला बिल्ला घरी यायचा. बिल्ला कापडाचाच होता. मोल होते ते कुठेतरी कोणीतरी आपला फोटो हातात घेऊन पाहिला आणि 'होय, याने हे केले' असे मान्य केले याचे. आपल्याकडची गोष्ट सांगायची तर २०१२ च्या दहीहंडीला जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर लावले, ४३.७९ फूट उंचीचा मनोरा उभा केला आणि गिनेसने त्याची नोंद घेतली. काही क्षण उभा राहून मनोरा उतरला. त्याचे पुढे काय झाले, असे ठाण्यात कोणी विचारत नाही, कारण तो उभा राहिलेला अनेकांनी डोळ्यांनी पाहिला होता.

तुमच्या पॉइंटना अर्थ आहे की नाही, हे माझ्या मते तुमच्या कामगिरीला साक्षीदार कोण आहे यावर ठरते. जो गेम कसा आहे हे जाणतो, ती पातळी किती अवघड होती हे ज्याने स्वतः भोगले आहे, त्याच्यासाठी तुमच्या यादीतील एकेक ओळ बोलते. असा माणूस तुमच्या आयुष्यात एकच आहे आणि तो खारघरला राहतो. त्याचा स्कोर तुम्हाला ठाऊक आहे, तो कुठे पोहोचला हे तुम्ही पाहता. दोन वर्षांत तुमचा त्याच्याशी एवढाच संबंध उरला आहे आणि तोही तुम्ही सोडलेला नाही. याची लाज वाटण्याचे कारण मला दिसत नाही. लाख आधी गाठण्याची इच्छा मला शत्रुत्वाची वाटत नाही. एका खोलीत वाढलेल्या दोन भावांची ती जुनीच सवय असावी. पण ८८ हजार हा आकडा पाहून तो कसा आहे हे कळत नाही, आणि तुमचे लाख पूर्ण झाले तरी तुम्ही कसे आहात हे त्याला कळणार नाही.

आता त्या तासाविषयी, कारण त्याची मला अधिक काळजी वाटते. नोकरी, प्रवास आणि लहान मूल यांतून उरलेला तो तुमचा एकमेव तास आहे. १९७३ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतील, चित्रे काढायला मुळातच आवडणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना आधीच सांगितले की चित्र काढले तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता नंतर दिले. काहींना काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळात कोण किती चित्रे काढते हे पाहिले, तेव्हा प्रशस्तिपत्राचे आश्वासन मिळालेली मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र कमी झाली नव्हती. पॉइंट खेळण्याची वाट पाहत असतील तर ते आनंदात भरच घालतात. खेळणे पॉइंटची वाट पाहू लागले की आनंद ओसरतो, आणि तुमचे हे गेल्या वर्षीच घडलेले आहे.

यावरून अचिव्हमेंट वाईटच असतात असा निष्कर्ष मात्र काढू नका. २०१२ च्या 'डिसऑनर्ड' या गेममध्ये नायक मारेकरी ठरवला गेलेला असतो, हातात शस्त्रे असतात, आणि तरीही एकालाही न मारता गेम पूर्ण केल्याची एक अचिव्हमेंट त्यात आहे. ती वाचून कितीतरी खेळाडूंनी तोच गेम दुसऱ्यांदा, लपतछपत आणि विचार करत खेळला असेल. चांगली अचिव्हमेंट अशी नव्या वाटेकडे बोट दाखवते. दुसरीकडे निन्टेंडोच्या २०१७ च्या स्विच यंत्रावर अशी सामाईक यादीच नाही. त्याच वर्षीच्या 'झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड'च्या ३ कोटींहून अधिक प्रती खपल्या आणि त्या खेळाडूंनी पॉइंटवाचून डोंगर चढण्यात महिनेच्या महिने घालवले. गेम चांगला असेल तर पॉइंट नसले तरी चालते; कंटाळवाण्या गेमला मात्र पॉइंट तारू शकत नाहीत.

तेव्हा हातातले न आवडणारे गेम आजच काढून टाका. सेटिंगमध्ये जाऊन अचिव्हमेंटची सूचना महिनाभर बंद ठेवा, म्हणजे पडद्यावर ती चौकट उमटणार नाही आणि आपण कशासाठी खेळत होतो हे तुमचे तुम्हाला समजेल. अर्ध्या तासात कंटाळा आला तर उठा आणि झोपा. लहान मुलीच्या बापाला झोपही लागतेच.

पत्नीला एकूण आकडा दाखवू नका, कारण त्यातून तिला काही दिसणार नाही. अचिव्हमेंटपुढे ती मिळाल्याची तारीख असते. एका रात्री तिला शेजारी बसवून २०११ पासूनची यादी दाखवा आणि नौपाड्याच्या त्या खोलीत कोण कुठे बसले होते, वडील आत झोपले असताना आवाज किती कमी ठेवावा लागे, कोणता शत्रू पार करायला किती रात्री गेल्या, हे सांगा. तिचा प्रश्न टोमणा नव्हता. तुमच्या आयुष्यातील एवढा मोठा भाग तिला कोणी उलगडून सांगितलेला नाही, म्हणून तिने विचारले असावे.

घराच्या कागदांचा प्रश्न यात मिसळू नका. तो आईच्या उपस्थितीत, दोघांनाही मान्य असलेल्या वकिलासमोर स्वतंत्रपणे सुटू द्या, आणि तो सुटायला वेळ लागला तरी भावाशी बोलणे त्यावर अडवून ठेवू नका. भावाला एक छोटा निरोप पाठवा. हेलो ३ लेजेंडरीवर पूर्ण झाल्याची तारीख यादीतून शोधा आणि तेवढीच लिहा; खाली विचारा की पुन्हा खेळायचे का. २०१४ मध्ये आलेल्या 'मास्टर चीफ कलेक्शन'मध्ये तो गेम आहे आणि एकाने कासारवडवलीतून तर दुसऱ्याने खारघरमधून जोडीने खेळता येतो. त्यातही पॉइंट आहेतच, मिळाले तर मिळू द्या.

निरोपाला आठवडाभर उत्तर आले नाही तर दुसरा पाठवू नका. रविवारी सकाळी आईला आणि मुलीला घेऊन ठाण्याहून पनवेल गाडी पकडा. ती खारघरला थांबते.