घरची प्रार्थना सुरू करताना

मुलं लहान आहेत तोवरच सुरू करा. आठवी-नववीत क्लास लागला की संध्याकाळी सगळे एकत्र सापडत नाहीत, आणि ती वर्षं बघता बघता येतात.

वेळ घड्याळाची नको, जेवणाची धरा. ताटं उचलली की लगेच बसायचं. 'टीव्ही झाल्यावर' म्हटलं की धाकटं पेंगतं. दहा मिनिटं पुरे. गीताचं एक कडवं, बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातली, म्हणजे येशूच्या चरित्रातली, दहा-बारा वचनं, मग प्रार्थना. सोळाच अध्याय आहेत, दोन-सव्वादोन महिन्यांत पुस्तक संपतं. बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सुरू करणारे बहुतेक तिसऱ्या, नियमांनी भरलेल्या लेवीयात अडकतात! बायबलमधलं स्तोत्र घ्यायचं तर ११७वं घ्या, दोनच वचनं आहेत. ११९वं मात्र १७६ वचनांचं.

वाचायला मुलांना द्या. अडखळली तर थांबा, लगेच शब्द पुरवू नका.

खरी गाडी बिघडते ती प्रार्थनेत. 'प्रभू, ह्याला अभ्यासाची बुद्धी दे' ही डोळे मिटून केलेली कानउघाडणी असते, आणि पोरांना ती बरोबर कळते. त्यापेक्षा आज घरात कुणावर ओरडलात, त्याची क्षमा त्यांच्यासमोर मागा. मांजरासाठी प्रार्थना केली तरी हसू नका.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचू नका.