कोकणात तंबू टाकताय? आधी रुग्णालय शोधा

दिवाळी सरली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. पुण्या-मुंबईची, कोल्हापूरची कुटुंबं गाडीत तंबू टाकून दिवेआगर, केळशी, गुहागर, भोगवे अशी किनाऱ्याकिनाऱ्याने निघतात, आणि निघण्याआधी तेच ते प्रश्न विचारतात. किनारपट्टीवरचा डॉक्टर म्हणून इथे एकदाच उत्तरं देतो.

प्रश्न : तंबू सुरूच्या बनात लावावा की नारळाच्या बागेत? (पुणे)

सुरूच्या बनात. नारळाखाली कधीच नको. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती कुठवर येते ते गावातल्या कोळ्याला विचारा, आणि ग्रामपंचायतीची परवानगी घ्या.

प्रश्न : मुलीला घाटात उलट्या होतात. कोणती गोळी द्यावी? (सातारा)

गोळी आणि मात्रा वयावर, वजनावर ठरते. तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा. शेजाऱ्यांच्या मुलाला चालली म्हणून देऊ नका.

प्रश्न : तंबूभोवती मीठ आणि कार्बोलिक ॲसिड टाकलं तर साप येत नाही ना? ऑनलाइन साप पळवणारं यंत्र आणि विष ओढणारा पंपही मिळतो. घ्यावा का? (नवी मुंबई)

मीठ, फिनेल, ॲसिड, यंत्र, यातल्या कशानेही साप अडत नाही. ॲसिडने मुलांची कातडी मात्र भाजते. पंपाने विष निघत नाही. पैसे जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे वेळ जातो. या वेळेबद्दलच मला सविस्तर सांगायचं आहे.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार विषारी सापांपैकी आमच्या जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, फुरसं फार. गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) फटीत, दगडाखाली बसतं. ते चावलं की जागा सुजते, ठणकते, त्यामुळे माणूस निदान दवाखान्यात येतो. मण्यारीचं तसं नाही. ती रात्री निघते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. पुष्कळदा ना दुखतं, ना सूज येते, ना दाताची खूण दिसते. पहाटे पोटात दुखायला लागतं. घरचे म्हणतात, रात्रीची मासळी बाधली असेल. मग पापण्या जड होतात, डोळे उघडत नाहीत, थुंकी गिळता येत नाही, आणि शेवटी श्वास थांबतो. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट धरून उठला आणि त्याच्या पापण्या मिटायला लागल्या, तर खूण शोधत बसू नका. गाडी काढा. वेळेत कृत्रिम श्वास मिळाला तर असा माणूस वाचतो.

२००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी अंदाजे ५८ हजार माणसं गेली. त्यातली बरीचशी रुग्णालयाचं तोंड न पाहताच गेली. ‘अमक्याने विष उतरवलं’ हे मला दर वर्षी ऐकवलं जातं. बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही दर चाव्यात विष सोडतोच असं नाही. अशी माणसं मंत्राशिवायही बरी होणारच होती. मंत्राच्या भरवशावर थांबलेली बाकीची माणसं आमच्याकडे उशिरा पोहोचतात.

आता खाडीचं बघा. वेसवी-बागमांडले, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ इथे गाडी जेटीच्या बोटीने पलीकडे जाते. रात्री फेरी बंद झाली की समोर दिवे दिसणारं गाव काही तासांच्या वळशावर जातं. म्हणून तंबू ठोकण्याआधी, उजेड असतानाच चौकशी करा. जवळचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय कुठलं, तिथे सर्पदंशाची लस आणि रात्रीचा डॉक्टर आहे का, मध्ये जेटी लागते का? सरकारी रुग्णालयात ही लस मोफत असते. मोबाइलला रेंज कुठे मिळते तेही पाहून ठेवा, १०८ लावायला ती लागेल.

चावलाच तर माणसाला धीर द्या, चालवू नका. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढा, हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवा. करकचून दोरी नको, ब्लेड नको, चोखणं नको, साप मारून आणणंही नको. रुग्णालयात काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन ती २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवतात, मग कलती करतात. रक्त गोठलेलं नसलं, पाण्यासारखं वाहिलं, तर फुरशाचं किंवा घोणशीचं विष अंगात आहे असं समजतात. ही तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून परस्पर निघून जाऊ नका.

आणि झोपताना तळ शिवलेला, चेन पूर्ण बंद होणारा तंबूच वापरा. उघड्यावर सतरंजी टाकून मुलांना झोपवू नका.

प्रश्न : विंचू चावला तर कांदा चोळावा का? (सांगली)

नाही. लाल विंचवाने मूल दगावू शकतं. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं ही हृदयावर ताण आल्याची लक्षणं आहेत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८०च्या दशकात प्राझोसिन हे औषध यावर वापरून दाखवलं, त्यानंतर मृत्यू फार कमी झाले. पण ते रक्तदाब उतरवणारं औषध आहे, ते डॉक्टरांनीच द्यायचं.

प्रश्न : रापणीच्या जाळ्यात आलेला साप मुलं हातात घेतात. समुद्री साप चावत नाहीत ना? (ठाणे)

चावतात. वल्ह्यासारखी चपटी शेपटी दिसली की लांब राहा. वर सांगितलेली लस त्या चार सापांसाठी आहे, समुद्री सापासाठी नाही. चावल्यास मोठ्या रुग्णालयातच जा.

प्रश्न : पहाटे गारठा असतो. तंबूत कोळशाची शेगडी ठेवली तर? (नाशिक)

ठेवू नका. विझत आलेली, राखेखालची सुद्धा नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्याला जाग येत नाही. जादा पांघरूण न्या.

प्रश्न : वेंगुर्ल्याहून पुढे तिलारीच्या जंगलात एक मुक्काम आहे. माकडतापाची भीती आहे का? (बेळगाव)

दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली त्याची साथ आली होती. तो गोचिडीतून पसरतो. पाचोळ्यात बसू नका, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, संध्याकाळी मुलांच्या काखा, कानामागची जागा, गुडघ्यामागची जागा तपासा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवा. परतल्यावर पंधरवड्यात ताप आला तर डॉक्टरांना जंगलातला मुक्काम आवर्जून सांगा. ते न सांगितल्यामुळे तपासणीला उशीर होतो.

प्रश्न : आईला रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे. तिला न्यावं का? (डोंबिवली)

तिच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारून ठरवा, आणि गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. चिठ्ठीची एक प्रत तिच्या पर्समध्ये आणि एक गाडीत ठेवा. पडली, डोक्याला मार लागला किंवा काही चावलं, तर रुग्णालयात पाऊल टाकताच पहिल्यांदा या गोळीचं नाव सांगा.